सुईतला चोथा

७ जून २०२४
मृग लागला. पाऊस नाही. पडवीत बसवत नाही इतका उकाडा. साडेसातला ट्यूबवर काहीतरी आपटलं. ठप्प. पुन्हा ठप्प. खाली पडून उताणं पाय हलवत राहिलं. काळं, जाड, अंगठ्याएवढं. केरसुणीने अंगणात लोटलं. सकाळी नव्हतं.

८ जून
आज पुन्हा एक.

१० जून
पहाटेपासून धो धो. वीज गेली ती गेलीच. न्हाणीत, माजघरात, देवाजवळ पातेली. यंदा कौलं चाळायची राहिली. हे काम कधी माझ्याकडे नव्हतं.

११ जून
उघडीप मिळाली म्हणून माडाच्या कवाथ्यांकडे गेले. बारापैकी सातव्याचं नवं पान उमललंय. कात्रीने कापल्यासारखं. दोन्ही अंगांना सारखे त्रिकोण. मुलं कागदाच्या घड्या घालून कातरतात, मग उलगडतात, तसं. दिसायला सुंदर आहे, हे कुणाला सांगू नये.

१२ जून
पाडेली आला. पाच माड पाडून झाल्यावर त्याला सातवा कवाथा दाखवला. लांबूनच म्हणाला, "गेंड्या हाय, बाई. आता दिसतंय तुम्हाला. खाल्लंन कधीच."
पान सुईत मिटलेलं असतं तेव्हा हा भुंगा आत शिरतो. एकच भोक, पण घडीवर घडी असल्याने सगळ्या पात्या एकदम कापल्या जातात. पान वर सरकून उमलायला आठवडे जातात. तेव्हा कुठे माणसाला कळतं. म्हणजे हे एप्रिलातलं. एप्रिलात मी रोज संध्याकाळी याच आळ्यात दोन कळशा ओतत होते.

१३ जून
ह्यांची वही काढली. कपाटात वरच होती. 'जून २०२१. बाणवली १२. भाट्याहून. खड्डे ३ x ३ x ३ फूट. पोय २०२८ पर्यंत यावी.' खाली रेघ मारलेली. पुढची पानं कोरी नाहीत, दुधाचा हिशेब आहे.

१५ जून
चौथ्या कवाथ्याच्या बुडाशी, देठाच्या बेचक्यात भोक. भोकातून ओला, पिवळट चोथा बाहेर आलेला. ऊस खाऊन थुंकावा तसा. हात लावला तर गार.

१६ जून
डोक्याला भुंगा लागणे, हा वाक्प्रचार बत्तीस वर्षं मुलांना वाक्यात उपयोग करायला दिला.

१८ जून
गडग्यापलीकडून भाऊंची हाक. "वहिनी, तुमच्याकडे भुंगे झालेत काय? माझ्या दोन माडांचे शेंडे कातरलेत." मी म्हटलं, माझेही कातरलेत. ते काही वेळ विहिरीकडे बघत राहिले. "तो ओंडका अजून तसाच?" म्हणाले.
वरण उतू जातंय असं सांगून आत आले. वरण लावलंच नव्हतं.

२० जून
गायरी उकरून घेतली. शेणखत काढायचं होतंच. फावड्याच्या पहिल्याच घावाला पांढरं काही निघालं. बोटाएवढी जाड अळी, अर्धचंद्रासारखी वळलेली. डोकं तपकिरी, कडक. पुढे सहा पाय. मागचं टोक पारदर्शक, आतली काळी माती दिसते. दोन्ही कुशींवर तांबूस ठिपक्यांची ओळ. त्यातून ती श्वास घेते.
गडी म्हणाला, हुमणी. हुमणीचीच बहीण, पण ही मुळं खात नाही. शेण, पातेरा, कुजकं लाकूड, एवढंच. माडाला ती काहीही करत नाही. करतं ते तिचं पुढचं रूप.
गायरीत एकूण सदतीस. कोंबड्या सहा-सातांवरच थकल्या.
एक मी ठेवली. लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाला गायरीतलं खत, वर कुजक्या लाकडाचा चुरा. तोंडाला मांजरपाटाचं फडकं, दोरा गुंडाळून. अळी फुटपट्टीवर सरळ होईना. अंदाजे ७ सेंटिमीटर.
फळ्यावर जन्मभर फुलपाखराचं जीवनचक्र काढलं. चार बाण. प्रत्यक्ष एकही बाण पाहिला नाही.

२१ जून
चुरा कुठून आणला, हे काल लिहिलं नाही. विहिरीजवळच्या ओंडक्याचा. पालथ्या बाजूने चमच्याने खरवडला. सहज निघाला. आत पोकळ लागलं.

२४ जून
एसटीने भाट्याला. पूल ओलांडताना खाडी तांबडी झालेली. नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून आहे. माझ्याहून थोडंसंच मोठं. ह्यांच्याबरोबर आले होते तेव्हा मी बाहेर सुरूच्या बनात बसून राहिले होते.
तिथल्या एका तरुण मुलाने नीट सांगितलं. लक्षात राहिलं तेवढं लिहिते. भुंगा घन काही खात नाही, कोंब चावून रस पितो, चोथा मागे ढकलतो. मादी खतात किंवा मेलेल्या माडाच्या खोडात अंडी घालते. पन्नासपासून शंभरपर्यंत. अंडं फुटायला आठ-बारा दिवस. अळीचे तीन-चार महिने. कोषाचे तीन आठवडे. भुंगा पुढे चार-सहा महिने, कधी जास्तही जगतो. म्हणजे आयुष्याचा निम्मा भाग तो निरुपद्रवी असतो, आणि तेव्हाच हाती लागतो.
उपाय: आकडीने ओढून काढणे. बेचक्यात डांबरगोळ्या, वर वाळू, दर ४५ दिवसांनी. गायरीत हिरव्या बुरशीची पूड. आणि वाडीतलं मेलेलं खोड न ठेवणं.
शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, म्हणजे त्याला बरं वाटलं.

२५ जून
लोहाराकडून आकडी. हातभर सळी, टोक वाकवून दाते पाडलेले.

२६ जून
डांबरगोळ्या दुकानात संपलेल्या. ह्यांच्या लोकरी कोटात मी मार्चमध्ये घातल्या होत्या. पेटी उघडली. अकरा निघाल्या, झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. तीन कवाथ्यांना पुरल्या. हाताला दिवसभर कोटाचा वास.

२ जुलै
पाऊस. बरणीत काही दिसत नाही. एकदा काचेशी तोंड आलं. जबडा हलत होता.

९ जुलै
पहिला भुंगा आकडीने काढला. चौथ्या कवाथ्यातून. सळी आत सरकवली, मऊ लागलं, मग कडक लागलं. ओढली. तो आकडीला टोचून बाहेर आला आणि ओरडला. खरंच ओरडला. चिर्र् चिर्र्. पोटाचा मागचा भाग पंखांच्या कवचावर घासून काढतात तो आवाज. अपेक्षा नव्हती, सळी हातातून पडली.
साबणाच्या पाण्यात टाकला. दहा मिनिटं पाय हलत होते.
मग धुऊन कागदावर ठेवला. काळा, वरून पॉलिश केलेल्या बुटासारखा. पोटाकडे तांबूस केस. डोक्यावर एक शिंग, मागे वळलेलं. शिंग दोघांनाही असतं, नराचं लांब. शेपटाकडे दाट लव असेल तर मादी. याला नव्हती. शिंगाने तो भोसकत नाही. कोंदट जागेत शिरताना टेकू लावतो. कापण्याचं काम जबड्याचं आणि पुढच्या पायांवरच्या दातांचं. आपण शिंग बघून नाव ठेवतो.
लिनिअसनेही तेच केलं. १७५८. ऱ्हायनोसेरॉस.

१० जुलै
कवींचा भुंगा कमळात अडकतो आणि पहाट होण्याची वाट बघतो. आमचा माडाच्या सुईत असतो आणि वाट बघत नाही.

१४ जुलै
आजवर पाच. दोन माद्या.

१६ जुलै
गायरी पुन्हा उकरली. अंडी मिळाली. पांढरी, टपोरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. सुटी सुटी.

१७ जुलै
आषाढी. वरीचे तांदूळ केले.

२० जुलै
बुरशीची पूड आली. गायरीत थर देऊन शिंपडली. पाकीट निम्मं उरलं. ओंडक्याकडे नेलं होतं. परत आणलं.

२१ जुलै
रात्रभर झोप नाही. पागोळ्या.

२८ जुलै
धाकट्याचा फोन. कवाथ्यांचं सांगितलं. म्हणाला, आई, औषध मार. कुठलं औषध, ते त्यालाही माहीत नाही. नातू मागून ओरडला, "आजी, शिंग किती सेंटिमीटर?" हा प्रश्न बरा. ८ मिलिमीटर, मोजलं होतं.

४ ऑगस्ट
अमावास्या. दिवे घासले. संध्याकाळी सगळे दिवे पडवीत मांडले तर दोन भुंगे समईवर. समई पडली. तेल पाटावर.
विहिरीवर न्यायचा तो पाट. घासून काढला, डाग राहिला. आधीचाही एक आहे, चहाचा, गोल.

६ ऑगस्ट
रात्री रानडुकरं आली. गायरी पार उधळली. अळ्यांसाठीच. सकाळी भारद्वाज उतरला, राहिलेलं वेचून गेला. चालतो कसा, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखा.

११ ऑगस्ट
गायरीत एक अळी मेलेली. ताठ, वाकत नाही. आधी पांढरी पूड, आज हिरवी. हातात घेतली तर खडूचा तुकडा. तशा आणखी तीन. पूड लागू पडली.
बरणीतली जिवंत आहे. बरणी गायरीपासून लांब, देवघराच्या खिडकीत ठेवली आहे. फावडं धुतल्याशिवाय तिच्याजवळ जात नाही.
हे वाचून कोणी हसेल.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. माजी शिक्षिका म्हणून खुर्ची. मुलांना बरणीबद्दल सांगितलं. एकाने विचारलं, मग ती मारणार कधी?

१९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. बंदरावर गेले. समुद्राला घरच्या माडाचाच नारळ दिला. यंदा फळ लहान.

२१ ऑगस्ट
सातव्या कवाथ्याची सुई हलकेच ओढून पाहिली. हातात आली. बुडखा कुजलेला, काळपट, घाण वास. भुंग्याच्या भोकातून पावसाचं पाणी आत गेलं, कोंब कुजला. पानं अजून हिरवी आहेत. ती राहतील काही दिवस. माडाला फांद्या नाहीत. एकच कोंब. तो गेला की संपलं.

२४ ऑगस्ट
वर्षश्राद्ध. लेक, जावई, दोघे मुलगे, सुना. घर भरलं. भटजींना उशीर. काकस्पर्शाला कावळा लगेच आला. गेल्या वर्षी तासभर थांबवलं होतं.
जेवणं झाल्यावर थोरला विहिरीकडे फिरून आला. "आई, हा ओंडका का ठेवलायस? पायाने दाबला तर आत जातो." मी ताटं मोजत होते. सोळा. एक कमी लागत होतं.
लेक काही बोलली नाही. तिने पाट उचलून आत आणला.

२५ ऑगस्ट
सगळे गेले.

२७ ऑगस्ट
बरणीत बदल. अळी तळाशी काचेला लागून आहे. भोवती खताची खोली केलीय, भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत. अंग सुरकुतलेलं, पिवळसर. मागचं टोक आता काळं दिसत नाही. पोटातलं सगळं बाहेर टाकलं. खाणं बंद.

३० ऑगस्ट
तशीच.

१ सप्टेंबर
तशीच. दिवसातून चारदा बघते. जेवण करपलं.

४ सप्टेंबर
सकाळी चहा ठेवला तेव्हा अळी होती. देवपूजा करून बघते तो कोष. कातडं शेपटाशी गोळा होऊन पडलेलं. मधाच्या रंगाचा, ओलसर. पाय छातीशी घेतलेले. पंख छोटे, पोटाकडे दुमडलेले. आणि डोक्यावर शिंग. डोळ्यांना अजून रंग नाही, पण शिंग आलं.
इतके दिवस थांबले आणि नेमकी पूजेला बसले होते.

७ सप्टेंबर
गणपती. मुंबईहून सगळे परत. नातवाने बरणीला टॉर्च लावला. कोष पोट वळवतो, झोपेत कूस बदलावी तसा. "आजी, तो आत विरघळून पुन्हा बनतो ना?" बराचसा, म्हटलं. "मग अळीला आठवतं का नंतर?" मोदकाची उकड गार होत होती.
सहा वर्षांच्या नातीला बरणी नको होती. लांबूनच "ई". संध्याकाळी आरतीच्या वेळी मात्र तिनेच बरणी उचलून गणपतीसमोर ठेवली.

९ सप्टेंबर
नातू मोबाइलवर वाचून दाखवतो. हाच आमचा भुंगा १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेहून सामोआत पोचला. पॅसिफिकमधल्या बेटांवर माड म्हणजे सगळंच. तेल, पाणी, छप्पर. हातोहात माड गेले. मग १९६३ साली ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात याच भुंग्याचा रोग सापडला. विषाणू. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला. रोगी भुंगा लगेच मरत नाही, खोडाखोडांतून फिरतो आणि रोग वाटत जातो. भुंगे कमी झाले. पुढे २००७ मध्ये ग्वाममध्ये निघाले त्यांना तो विषाणू फारसा बाधत नाही. २०१३ मध्ये हवाईत.
"आजी, म्हणजे आपला भुंगा फॉरेन रिटर्न." सून हसली. मीही.

१२ सप्टेंबर
गौरी-गणपती पोचवले. घर पुन्हा मोठं झालं.

१६ सप्टेंबर
भाऊंनी सापळा आणला. बादली, वर पत्र्याचे पंख, मध्ये गंधाची पुडी. नर खाद्याजवळ सोडतो तो गंध. नर-मादी दोघंही येतात, पंखावर आपटून बादलीत. गडग्यावर टांगला, बरोबर आमच्या हद्दीशी. पहिल्या रात्री चार. भाऊंनी बादली गडग्यावरून दाखवली. कुठून आले, ते विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

१९ सप्टेंबर
पितृपक्ष. सातवा कवाथा उपटून टाकला. पानं आता कुठे पिवळी पडू लागली होती.
वहीत बारावर काट मारून अकरा लिहिणार होते. पेन ठेवलं. त्यांचं अक्षर.

२६ सप्टेंबर
कोष फुटला. रात्रीच कधीतरी. पंखांचं कवच फिकट, तांबूस, साखरेच्या पाकासारखं. डोकं मात्र काळं. हलत नाही.

२८ सप्टेंबर
तांबडा, विटकरी.

१ ऑक्टोबर
काळा. तरी खोलीतून बाहेर नाही. कवच कडक होईपर्यंत आतच बसतो. आठवडे. घाई फक्त मला.

२ ऑक्टोबर
सर्वपित्री. पान वाढलं. कावळा.
पाऊस ओसरला. दुपारी ओंडक्यावर बसायला गेले, पाट घेऊन. तौक्ते वादळात हा पडला, २०२१, मे महिन्याची १६ तारीख. रात्रभर घर हलत होतं आणि पहाटे एकच आवाज. विहिरीवर पडला असता तर कठडा गेला असता. वाकडा पडला, बसायला सोईचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाट आणि चहा घेऊन त्याच्यावर. "बघ, आता वाडी सगळी दिसते." मग दोन वर्षं रोज. पावसात छत्री घेऊन.
आज बसले तर पाटाची एक बाजू खाली गेली. उठले. कान लावला. आत कुरकुर. पुष्कळांची.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. घटाला माती हवी. गायरीतली आणली नाही.

८ ऑक्टोबर
नवव्या कवाथ्याला भोक. चोथा. आकडीला काही लागलं नाही, निघून गेला होता. डांबरगोळ्या याच आठवड्यात बदलायच्या होत्या. ४५ दिवस नव्हे, ५० झाले.

१२ ऑक्टोबर
दसरा. आकडी, कोयता, फावडं धुऊन पूजेला मांडली. आकडीला झेंडूचं फूल.

१५ ऑक्टोबर
बरणीतला वर आला. संध्याकाळी सात वाजता, अंधार पडल्या पडल्या. फडक्याला खालून ढुशा. काढून तळहातावर घेतला. जड. पायांचे आकडे कातडीत रुततात, सोडवून घ्यावं लागतं. शेपटाकडे लव.
मादी.
उसाचा तुकडा ठेवला. रात्री काच कानाशी धरली तर चावण्याचा आवाज.

१७ ऑक्टोबर
पाडेलीला निरोप. येताना कुऱ्हाड आणि पहार आण म्हटलं.

१९ ऑक्टोबर
पाडेली आला, भाचा बरोबर. पहिला घाव बसला आणि कुऱ्हाड दांड्यापर्यंत आत. वरून खोड, आत भुसा. ओल्या तपकिरीसारखा. तो सगळा चाललेला. लहान, मोठ्या, मध्यम अळ्या. काचेत एक बघणं वेगळं.
मोजल्या. सवय. अळ्या ११४. कोष १३. भुंगे ९, त्यातले दोन अजून तांबडे. भाचा बादलीत टाकत होता, मी रेघा मारत होते, चार उभ्या एक आडवी. ह्यांच्या वहीच्याच मागच्या पानावर मारल्या गेल्या.
पाडेली एकदाच बोलला. "बाई, तात्या बसायचे तेव्हा पण असतील ह्ये."
कोंबड्या, कावळे, मग भारद्वाज. भाऊ गडग्याशी येऊन उभे राहिले. काही म्हणाले नाहीत. आत जाऊन चहा पाठवला, तिघांसाठी. नंतर चौथा कप आला.
बुंध्याकडचा हातभर तुकडा अजून घट्ट होता. पाडेलीने विचारलं, ठेवू? नको म्हटलं.

२० ऑक्टोबर
ढीग पेटवला. ओला, धूर फार. रात्रीपर्यंत धुमसत होता. केसांना वास.

२२ ऑक्टोबर
राख माडांना टाकली. विहिरीजवळची जागा फार उजेडाची झाली.

२८ ऑक्टोबर
वसुबारस. बरणीतलीला केळ्याचा तुकडा. उसापेक्षा केळं आवडतं. तिच्यासाठी साबणाच्या पाण्याचं पातेलं दोनदा भरलं, दोनदा ओतलं. एकदा त्यातच भांडी घासली.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. मुलं आली आहेत. नात धीट झालीय. आईची लाल नेलपॉलिश आणून भुंग्याच्या पाठीवर ठिपका दिला. "आता ही टिकली." नाव ठरलं. नातू चिडला, कीटकांना नावं ठेवत नाहीत म्हणे. त्याला लिनिअसचं सांगितलं.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. निघताना नातीने बजावलं, "टिकलीला मारायचं नाही." थोरला माझ्याकडे बघत होता. मी बॅगेत नारळ भरत होते.

९ नोव्हेंबर
थंडी पडू लागली. टिकली दिवसभर खताखाली, रात्री ढुशा. एकटी आहे तोवर अंडी घालणार नाही, असं मी धरून चालले आहे.

१३ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. ऊस आणले होते, एक कांडं तिला. अंतरपाट धरायला भाऊंची सून आली.

१६ नोव्हेंबर
फडक्याला रुपयाएवढं भोक. कडा कातरलेल्या, ओल्या. बरणी रिकामी. खत उपसून बघितलं. अंडी नाहीत. खिडकी रात्रभर उघडी होती. मीच उघडी ठेवली होती, देवघरात धूर झाला म्हणून.

१७ नोव्हेंबर
पडवीत, माळ्यावर, गोठ्यात पाहिलं. ट्यूब चालू ठेवून दहापर्यंत बसले. पाकोळ्या आल्या.

२० नोव्हेंबर
नातीचा फोन. टिकली काय करते? केळं खाते म्हटलं.

२४ नोव्हेंबर
चौथ्या कवाथ्याच्या बुडाशी चोथा. ओला, ताजा. त्याच जुन्या भोकाच्या वर, बोटभर अंतरावर नवं भोक. आकडी कोनाड्यातून आणली. सळी आत गेली. मऊ, मग कडक. लगेच ओढली नाही. पाडेली शेजारच्या माडावर होता, वरून बघत होता. मग ओढली.
चिर्र्.
शेपटाकडे लव, मादी. पाठ पदराने पुसली, उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली. लाल ठिपका नाही.
पातेल्यात साबणाचं पाणी केलं. उरलेले दहा कवाथे उद्या बघायचे आहेत.